गोड्या विहिरीची भरती

१

दिवस मावळायला दोन घटका होत्या. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आदल्याच दिवशी झाली होती. पुजलेल्या घागरीवरचा आंबा अजून सुकलाही नव्हता. नेमक्या त्या वेळेला कौशल्यानं लेकीला थारोळ्यात उतरवलं आणि लेक किंचाळली.

मोटेचं पाणी विहिरीतून वर येऊन ज्या दगडी टाकीत पडतं, ते थारोळं. त्या मळ्यात रोज हेच चालायचं. नत्थुजी गडी बैल हाकायचा, चाक कुरकुरायचं, भाजीचे वाफे भिजत आले की शेवटच्या दोन मोटा लेकीच्या वाट्याच्या. वैशाखात ते पाणी कसं, हाताला दूध लागावं तसं कोमट. नऊ महिन्यांची पोर त्यात अशी थपाथपा हात मारायची की नत्थुजी बैल थांबवून पाहत राहायचा.

कौशल्यानं पोरीला उचलून छातीशी धरलं आणि दुसरा हात पाण्यात घातला. कोपरापर्यंत शिरशिरी आली. पौषातल्या पहाटेचं पाणी असावं, असं गार.

"नत्थुजी, मोट थांबवा. पाणी पाह्यता काय जरा?"

नत्थुजीनं बोटं बुडवली आणि झटकन काढली. "अरे बाप्पा! वयनी, झरा फुटला असन खाली नवा. चांगलंच हाय की. उन्हाळ्यात थंडाई."

"इतकं गार?"

"धरतीच्या पोटात गारच असते न वं."

वांग्यांच्या वाफ्यातून सासू मनकर्णाबाईचा आवाज आला, "पोट्टीले फडक्यात गुंडाळ आधी! पाणी गार, पाणी गार! अंगावर पीत असलेलं लेकरू हाय अन् हे झऱ्याच्या गोष्टी करून राहिली."

कौशल्यानं गुंडाळलं. वास मात्र तिच्या नाकातून जाईना. चिखलाचा नव्हता तो, शेवाळाचाही नव्हता. त्या वासाला तिच्याजवळ नावच नव्हतं.

२

आता त्या विहिरीचं सांगायला हवं. अकोल्याच्या वरच्या अंगाला, पूर्णेच्या काठानं कुठंही खणा, पाणी खारं. हात धुवावेत, ढोरांना पाजावं. डाळ काही त्यात शिजत नाही. एवढ्या मुलखात मनकर्णाबाईच्या मळ्यातली विहीर तेवढी गोडी. का गोडी, ते कुणाला ठाऊक नव्हतं. गावातल्या बाया घागरी घेऊन यायच्या, आणि मनकर्णाबाई दोन बोल सुनावल्याशिवाय कुणाला भरू द्यायची नाही. पण भरू द्यायची.

तेव्हा दूर अमेरिकेत लढाई लागली होती आणि इकडे वऱ्हाडात पऱ्हाटीला सोन्याचे दिवस आले होते. ज्याच्याकडे बैलजोडी, तो कापसाच्या मागे. कौशल्याचा नवरा पुंजाराम माळ्याचा पोर, पण मिरच्या-कोथिंबीर आईवर टाकून तोही गाठींबरोबर जायचा. भुसावळपर्यंत गाडीनं, तिथून आगगाडीनं थेट मुंबईच्या बंदरावर. मनकर्णाबाई म्हणायची, "माळ्याच्या पोटी जन्मला अन् बोंडाच्या मांगं लागला."

पोर झाली त्या वेळच्या खेपेला त्यानं आईसाठी एक गडू आणला होता. तोंड लाखेनं बंद केलेलं. आत दर्याचं पाणी.

गावात दर्या कुणी पाहिला होता? पूर्णा तापीला मिळते आणि तापी दर्याला, एवढं ऐकून माहीत. मनकर्णाबाईनं गडू कपाळाला लावला. "आपल्या पूर्णामायचं सासर हाय ते. साऱ्या नद्यांचं पाणी आलं यात. काशीची गंगा काय मोठी सांगता!"

गंगा आणली की थोडी विहिरीत सोडायची, म्हणजे घरचं पाणीही गंगा होतं, ही त्या घरची चाल. म्हणून कौशल्याला बाळंतपणानंतर विहीर पुजायला नेली, तेव्हा हळदकुंकू वाहून झाल्यावर मनकर्णाबाईनं लाख फोडली.

"खारं असते न ते, आत्याबाई?" कौशल्यानं हळूच विचारलं होतं.

"तीर्थाची कोणी चव पाह्यते काय?"

गडूभर पाणी. विहिरीत ते पडलं तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. ओणवताना कौशल्याच्या काखेतल्या पोरीच्या पायातला एक वाळा मात्र निसटून खाली गेला. चांदीचा. कौशल्याच्या बापानं बाळापूरच्या सोनाराकडून तो कौशल्यासाठी घडवला होता, आणि दात येताना तिनंच चावून चावून त्याला आतून बारीक खळ्या पाडल्या होत्या. पुढं पाणी खाली गेल्यावर नत्थुजीनं तळाचा गाळ चाळून पाहिला. सापडला नाही.

"इहिरीनं आपला आहेर घेतला," सासू म्हणाली, आणि विषय मिटला.

३

गार पाण्याच्या दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ झालं. झरा फुटला तर गढूळ होणारच, कौशल्यानं मनाला सांगितलं. मग गाळ बसला आणि पाणी हिरवं होत गेलं. शेवाळ कसं, कडेला, दगडाला धरतं. हे तसं नव्हतं. सगळं पाणीच हिरवं, कुणी मेंदी कालवावी तसं. घागर भरली की घागरीतही हिरवं.

"ऊन पडते पाण्यावर. होते," मनकर्णाबाई म्हणाली. पण तिनं स्वतः त्या दिवसापासून रांजणाच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधलं.

मग कोथिंबिरीचे शेंडे पिवळे पडले. चूळ भरून गोदाबाई शेजारीण ओढ्याच्या बाजूला थुंकली आणि पदरानं तोंड पुसत हसली. "घ्या! झाली आमच्यासारखीच. बसा आता आमच्या पंगतीत, मनकर्णाबाई."

"तुह्या तोंडाची चव गेली असन," मनकर्णाबाईनं फटकारलं. पण आवाजात दम नव्हता.

पोरीसाठी पाणी आता लांबून, पावसाचं साठवलेल्या गावतळ्यातून येऊ लागलं. तळं तळाला गेलेलं. त्यातला घोट पोरीला द्यायचा तर तीनदा गाळायचा, उकळायचा. कौशल्याचा जीव सारा त्या घोटात अडकला होता. अंगावरचं दूध आटत चाललेलं. पोरीला वरचं पाणी लागणारच होतं.

विहिरीच्या आतल्या भिंतीत, दगडाच्या फटीत, एक पिंपळाचं रोपटं होतं. त्याच्यावरून कौशल्याला ते पहिल्यांदा कळलं. सकाळी रोपटं पाण्यात बुडालेलं. दुपारी पाहावं तर हातभर वर, पानांतून थेंब गळताहेत. दिवेलागणीला पुन्हा बुडालेलं.

मोट चालली की पाणी उतरतं, थांबली की भरतं. यात नवल कसलं? असंच असणार. पण सोमवार आला. सोमवारी बैलांना सुट्टी, मोट जुंपायची नाही. कौशल्या दिवसभर छपरीच्या दारात धान्य निवडत बसली आणि डोळा ठेवून राहिली. मोट बंद होती. कुणी घागर बुडवली नाही. पिंपळ बुडाला, निघाला, परत बुडाला.

तिनं सासूला सांगितलं नाही. सांगणार काय? विहीर श्वास घेते म्हणून?

छपरीची मागची भिंत विहिरीकडे होती. त्या भिंतीशी पोरीची झोळी टांगलेली. दुपारी ऊन तापलं की घरात दुसरा आवाज नसायचा. पाणी दगडांना लागायचं तेवढं ऐकू यायचं. चुळुक. मग थांबून परत चुळुक. कौशल्या दोरी ओढत पोरीला झोके द्यायची. एकदा तिच्या ध्यानात आलं, आपण झोका देतोय तो त्या आवाजाच्या तालावर. तिनं मुद्दाम हात आवरला, झोका लवकर लवकर दिला. पोर कुरकुरली, मग रडली. रडून लाल झाली. शेवटी कौशल्यानं हात सैल सोडला; तो आपोआप त्या जुन्या तालावर गेला. पोर गप्प झाली आणि तिनं भिंतीकडे तोंड वळवलं.

लेकरांना कुठला तरी एक ताल आवडतोच, कौशल्यानं स्वतःची समजूत काढली. तिनं पोरीच्या कपाळाची पापी घेतली. खारट लागलं. वैशाख आहे, घाम असणारच.

त्याच संध्याकाळी, दिवा लावायच्या आधी, ढोरांसाठी तिनं पोहरा सोडला. दोर पाण्याला लागला तिथं निळसर उजेड झाला. काजव्यांचा थवा उठावा तसा तो पसरला आणि विझला. तिनं दोर हलवला. पुन्हा उजेड. पोहरा वर आला तेव्हा त्यातलं पाणी साधं होतं, हिरवं, आणि आत तिळाहून बारीक काहीतरी उड्या मारत होतं.

"काजवे पडले असतीन," मनकर्णाबाई मागून म्हणाली. ती केव्हा येऊन उभी राहिली होती, कोण जाणे.

"वैशाखात, आत्याबाई?"

सासूनं पोहरा तिच्या हातातून घेतला. तिनं पोहऱ्यातलं पाणी विहिरीत परत ओतलं नाही, तशीच जाऊन बाभळीच्या बुंध्याशी ओतून आली.

४

ज्येष्ठ लागला आणि पुंजाराम आला. अंगणात बैल सोडतानाच कौशल्याला वास आला. त्याच्या धोतराला, पागोट्याला, केसांना. तोच वास, ज्याला नाव नव्हतं.

"हे काय माखून आले जी?"

"दर्या हाय तो," पुंजाराम हसला. "धुतला तरी जात नाई. बंदरावर साऱ्याईचाच असा वास."

भाकरी आणि ठेचा पुढ्यात आला तरी त्याचं लक्ष जेवणात नव्हतं. त्याला कधी सांगतो असं झालं होतं. वादळ पाहिलं होतं त्यानं. "माय, म्या समजलो आता आपलं काई खरं नाई. पडावातून, त्या मालाच्या होड्याईतून, गाठी चढवून राहिलो होतो. आभाळ असं तांबडं झालं, अन् वारा सुटला. पत्रे उडाले. दोन पडाव तर कापसासकट गेले. आमी गोदामात घुसलो म्हणून वाचलो."

"कोन्या दिवशी?" कौशल्यानं विचारलं. चुलीतलं लाकूड मागे ओढायला ती वाकली होती, तशीच राहिली.

"आखाजीच्या दुसऱ्या दिवशी. दिवस मावळाले दोनक घटका असतीन."

मनकर्णाबाईचा हात भाकरीवर थांबला.

"वादळाची गोष्ट तर सोड," पुंजारामनं पाण्याचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं, पण बोलतच राहिला. "त्याच्या मांगून जे झालं न, ते पाह्यण्यासारखं. वारा पडला, तर दर्या असा गार! उन्हाळ्यात, सांगतो तुले, पाय घालवत नव्हता. बंदरावर एक कोळीण होती, मासळी इकायची, ते सांगे: वादळ दर्याले पार तळापासून घुसळते. खालचं गार पाणी वर येते, खालचा गाळ वर येते. मंग त्या गाळावर डोळ्याले न दिसणारं बारीक शेवाळ माजते. सारा दर्या हिरवा. म्या पाह्यला न, डोळ्यानं पाह्यला! मंग ते खायले तिळावानी जीव येतात. रातच्याले वल्हं मारलं का निळा उजेड पडे पाण्यात. मंग त्या जिवाईले खायले बारकी मासळी. त्या मासळीच्या मांगं मोठी."

"अन् मोठीच्या मांगून?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"म्या नाई इचारलं," पुंजाराम म्हणाला. "मोठीच्या मांगून अजून मोठी असन, काय! हे पाणी असं काहून लागून राहिलं वं, खारं?"

भिंतीपलीकडे चुळुक झालं. झोळी रिकामी होती. पोर आज सकाळीच सरपटायला शिकली होती आणि आजीच्या पाठीमागं खेळत होती.

५

"अरे, पोरीचं राहूनच गेलं की," म्हणत पुंजारामनं कमरेची गाठ सोडली. "आपल्या पोट्टीचा एक वाळा हारपला होता न? पाह्य, नशीब कसं असते. त्याच कोळणीच्या जाळ्यात निंघाला, मासळीसंगं. म्या म्हटलं, जोड होईन. घेतला मांगून. मापही जवळजवळ तेच."

काळा पडलेला चांदीचा वाळा. कौशल्यानं तो दिव्याजवळ धरला, अंगठा आतून फिरवला. अंगठ्याला खळ्या लागल्या. एक, मग शेजारी शेजारी दोन. त्या खळ्या लागताच तिची जीभ आपोआप स्वतःच्या पुढच्या दातांवर गेली.

वाळे सगळे सारखेच असतात, तिच्या मनानं एकदा म्हणून पाहिलं. लेकरं सगळीच चावतात. बंदरावरच्या कोळ्यांची लेकरंही चावत असतील. पण मन पुढं बोललंच नाही.

मनकर्णाबाईनं वाळा तिच्या हातातून घेतला, उलटा केला. तिनंच त्याला दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा बांधला होता, तीन पदरी, स्वतःच्या लुगड्याच्या काठातला. दोऱ्याचा तुकडा अजून गाठीत होता.

"पोट्टी कुठी हाय?" तिनं विचारलं.

पाठीमागं पोर नव्हती.

कौशल्या धावली नाही. धावलं तर लेकरू दचकतं, दचकलं तर पुढं जातं, हे कुठल्याही आईला सांगावं लागत नाही. ती अंगणातून चालत गेली. दिवे लागायची वेळ. आभाळात उजेड होता, जमिनीवर नव्हता. विहिरीच्या पायऱ्यांशी पोर बसली होती, कडेवरून ओणवून, हसत. एका पायातला वाळा वाजत होता.

पाणी वरून दुसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं. एरवी त्या दिवसांत दोन पुरुष खाली दोर सोडावा लागायचा, तिथं पाणी हाताला लागत होतं.

पोरीनं थारोळ्यात मारायची तसा थपकन हात मारला. निळा उजेड पसरला. त्या उजेडात बारकी मासळी चमकली आणि एकाएकी, सगळी एकदम, एका बाजूला पळाली. मग खाली, खूप खाली, एक उजेडाची रेघ सुरू झाली. काहीतरी हलत होतं आणि जिथं हलत होतं तिथं पाणी उजळत होतं.

कौशल्या पाहत होती. विहीर ती केवढी! बैलगाडी आडवी मावणार नाही. रेघ पूर्वेच्या भिंतीखालून निघाली आणि पश्चिमेच्या भिंतीखाली शिरली. शिरतच राहिली. तिनं वाट पाहिली, आता संपेल. एक श्वास, दोन, पाच. ती जात होती, घाई नाही, काही नाही, आणि तिचं शेपूट येत नव्हतं.

तिनं पोरीच्या काखेत हात घालून तिला उचललं.

रेघ थांबली.

एवढंच. त्या रेघेनं वर पाहिलं नाही, काही केलं नाही. चालायची थांबली, उजेड मंद होत विझला, आणि खाली कुणी तरी जागच्या जागी थांबून असावं तसं पाणी शांत राहिलं. कौशल्याच्या खांद्यावरून पोर मागं हात पसरून हसत होती.

मागं मनकर्णाबाई उभी होती. तिनं किती पाहिलं, ते तिनं कधीच सांगितलं नाही. ती फक्त लेकाकडे वळली. "पुंजा, बैल जुंप."

"आत्ता? माय, आत्ता तर आलो म्या!"

"आत्ता. इले पातूरले नेऊन घाल, माहेरी. डोंगराचं पाणी हाय तिथं. अन् पोट्टीले..." तिचा आवाज जरा चिरकला, मग नेहमीसारखा झाला. "पोट्टीले मळ्यात पाऊल ठेवू द्यायचं नाई. म्या मेली तरी नाई."

"तुमी, आत्याबाई?"

"मले काय होते? म्या तर खारीच हाय, साऱ्या गावाले माहीत हाय. मले कोन खाते!" ती हसली. कौशल्याला तिनं पहिल्यांदाच डोक्यावरून हात फिरवला. मग तिनं पोरीच्या पायातला दुसरा वाळाही काढला आणि दोन्ही कमरेला खोचले.

गाडी वाटेला लागली तेव्हा ती बाभळीच्या काट्या तोडून विहिरीच्या तोंडावर रचत होती. कुऱ्हाडीचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता.

६

पातूरला पाणी गोड होतं. पोर तिथंच चालायला लागली, बोलायला लागली. पुंजाराम अधूनमधून मळ्यावर जाऊन यायचा. सांगायचा, विहीर निवळली. पाऊस पडून गेला, पाणी पुन्हा पहिल्यासारखं. गोदाबाई घागर घेऊन येते. माय कुणाला काट्या काढू देत नाही, कडेला लहानशी फट ठेवलीय, तिथून पोहरा सोडते. "आपण उगंच भ्यालो," असं त्याला वाटायचं. असेलही तसं. कौशल्या वाद घालायची नाही.

फक्त रोज ती लेकीच्या कपाळाची पापी घ्यायची. खारट लागायचं. ज्येष्ठातला घाम. श्रावणात, दमट हवेचा घाम. पौष आला. डोंगरातून असं वारं यायचं की चुलीपासून उठवत नव्हतं. पोर गोधडीत गुरफटून झोपलेली, गाल थंडगार. कौशल्यानं ओठ टेकवले. खारटच. मग तिनं उठून पोरीचं अंथरूण फिरवलं, कारण झोपेत ती पुन्हा मावळतीकडे तोंड करून वळली होती.

पूर्णेच्या खोऱ्यात तुमचं कुणी असेल, तर त्यांच्या कानावर एवढं घाला. दर्यावरून कुणी तीर्थ आणलं तर कपाळाला लावावं, घरच्या पाण्यात सोडू नये. सोडून झालंच असेल, आणि भर वैशाखात एखाद्या दिवशी पोहरा गार लागला, तर पाणी हिरवं व्हायची वाट पाहू नका. लेकराला उचला आणि डोंगराकडे निघा. ते रडणार नाही. मागं पाहून हसेल. हसू द्या, पण त्याचं तोंड आपल्याकडे वळवून घ्या. आणि हे पुढच्या घरी सांगा, ज्यांच्या घरात पाळणा हलतो त्यांना आधी.